सुभद्राबाईंची जाळी

पैठणीला खिळा लागून भोक पडलं, शालूवर उदबत्तीची ठिणगी उडाली, आजीची नारायणपेठी घडीवरच विरली, की हिंदमाताच्या साडीबाजारातला एक दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणायचा, "ठेवून जा. सुभद्राबाईंना दाखवतो." गिऱ्हाईक ठेवून जायचं. या सुभद्राबाई कोण, कुठे बसतात, हे मात्र कोणी विचारत नसे. त्या बसायच्या वरच, दुकानाच्या पोटमाळ्यावर, उत्तरेच्या खिडकीशी. उजेड अंगावर येईल असा नाही, कापडावर पडेल असा घ्यायचा, हे त्यांना त्यांच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

उस्ताद म्हणजे इनायतचाचा. गिरणी बंद पडून वडील घरी बसले तेव्हा सुभद्रा सतरा वर्षांची होती. आई पापड लाटायला जायची आणि ही साड्यांना फॉल लावायला. त्याच पोटमाळ्यावर इनायतचाचा रफू करायचे. पोरीची नजर सारखी आपल्या सुईकडे जाते हे त्यांनी आठवडाभर बघितलं आणि मग एक फाटका रुमाल तिच्यापुढे टाकला. "टाका घालायचा नाही. कापड पुन्हा विणायचं. उभा धागा गेला असेल तर उभा घाल, आडवा गेला असेल तर आडवा. आणि झाल्यावर मला सापडता कामा नये." तो रुमाल सुभद्राने अकरा वेळा उसवला. बाराव्या खेपेला चाचांनी तो उजेडात धरला, उलटा केला, बोटाने चाचपला आणि घडी घालून खिशात टाकला.

चाचा गेले तेव्हा त्यांची सुयांची डबी सुभद्राबाईंकडे आली. तोवर त्यांचं लग्न झालं होतं. नवरा दौलत घाडी रे रोडच्या लाकडाच्या वखारीत लाकूड मोजायचा. दोघांची लालबागला चाळीत खोली होती. एक मुलगी, तीही आता लग्न होऊन बदलापूरला. चाळीस वर्षं सुभद्राबाई लालबाग ते हिंदमाता चालत गेल्या आणि चालत आल्या. त्यांनी केलेलं काम मुंबईतल्या किती कपाटांत असेल याचा हिशोब कोणालाच लागणार नाही, कारण ते ओळखू येत नाही.

पाच वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत सुरुची दिघे त्या दुकानात आली. गिरगावची मुलगी, चाळिशीच्या आतबाहेरची, परळच्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. आईची साडी न्यायला आली होती. तिने पदर काउंटरवर पसरला, भोक कुठे होतं ते शोधलं, आणि सापडेना तेव्हा पर्समधून एक छोटं भिंग काढलं. भिंगातूनही तिला बराच वेळ लागला.

"हे मशीनवर केलंय?" तिने दुकानदाराला विचारलं.

"मशीन नाय मॅडम. वर बाई बसते आमची."

सुरुची तडक लाकडी जिना चढून वर गेली. सुभद्राबाई दचकल्या. गिऱ्हाईक वर येतं ते भांडायलाच, असा त्यांचा अनुभव.

"काय चुकलं का ओ ताई?"

"नाही हो मावशी. मला फक्त बघायचंय. बसू का जरा?"

ती तासभर बसली. जाताना तिने विचारलं, "मावशी, मुळात कापडच नसेल, नुसती चौकट असेल, तर तिच्यावर रेशमाची जाळी विणाल? एका मिलिमीटरात तीन घरं. सगळी सारखी."

"विणीन की. पण एवढ्या बारीक जाळीचं करायचं काय? मच्छर पण मोठा पडेल तिला."

सुरुची हसली. मग तिने आपला हात पुढे करून बोट वाकवून दाखवलं. बोट वाकतं ते आतल्या दोरीमुळे. दोरी तुटली, आणि मधला तुकडाच गेला, तर टोकं जुळत नाहीत. त्या जागी नवी दोरी वाढवता येईल का, हे ती आणि तिचे विद्यार्थी शोधत होते. "शरीरातल्या पेशी अधांतरी वाढत नाहीत मावशी. वेलाला मांडव लागतो ना, तसं त्यांना धरून चढायला काहीतरी लागतं. रेशीम त्यासाठी चांगलं. डॉक्टर पूर्वीपासून रेशमाने टाके घालतात. किडा धाग्यावर जो चीक लावतो तो नीट काढला तर शरीर त्याला फारसं परकं मानत नाही. आम्ही सपाट पापुद्रे करून बघितले, त्यांवर पेशी वाढतात, पण कशाही पसरतात. दोरीत त्या एका दिशेने ओळीत लागायला हव्यात. म्हणून विणलेली जाळी हवी. मशीन मागवलंय, पण ते यायला वर्ष तरी जाईल."

सुभद्राबाई तिच्या बोटाकडे बघत राहिल्या. बावीस वर्षांपूर्वी वखारीत करवतीची पट्टी निसटली होती आणि दौलतच्या डाव्या हाताची तर्जनी तेव्हापासून सरळच राहिली होती. जेवताना, शर्टाचं बटण लावताना, ते बोट कायम काहीतरी दाखवत असल्यासारखं पुढे असायचं. "आमच्या ह्यांचं बोट असंच आहे," त्या म्हणाल्या. आणि मग, "मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारची येईन."

संस्थेतलं पहिलं ओळखीचं माणूस म्हणजे शामराव. तीस वर्षं तिथे भांडी उकळणारे, काचसामान निर्जंतुक करणारे, आणि आता रेशीम शिजवणारे. दक्षिणेतून कच्च्या रेशमाच्या लडी यायच्या. चीक काढायला शामराव त्या सोड्याच्या पाण्यात अर्धा तास उकळायचे, पाणी बदलून पुन्हा उकळायचे, मग शुद्ध पाण्यात धूत बसायचे. पिवळट, राठ लड आत जायची आणि पांढरी, कापसासारखी मऊ होऊन बाहेर यायची.

"किड्याने घर बांधलं, आपण शिजवलं," शामराव म्हणाले. "आता त्यात माणसाच्या पेशी राहायला येणार म्हणे. भाडेकरू बदलला."

सुभद्राबाईंना टोपी मिळाली, मास्क मिळाला, हातमोजे मिळाले. मोज्यांतून धागा कळेना म्हणून पहिले दोन दिवस त्या रडकुंडीला आल्या. मग सवय झाली. नखाएवढ्या रुंदीची, बोटाच्या एका पेराएवढ्या लांबीची जाळी एका स्टीलच्या चौकटीवर विणायची. पहिल्या तीन जाळ्या बऱ्या उतरल्या. पुष्कर नावाचा पीएचडीचा विद्यार्थी त्यांवर पेशी सोडायचा. ऑपरेशनच्या वेळी, रुग्णाची परवानगी घेऊन, टाकून द्यायच्या तुकड्यातून काढलेल्या या पेशी. चार दिवसांनी पुष्कर धावत आला. पेशी धरल्या होत्या. फक्त मिठाई वाटायची बाकी होती.

पण एक अडचण होती, आणि ती सुभद्राबाईंनी कोणाला सांगितली नाही. अडचण सांगायची नसते, निस्तरायची असते, असाच त्यांचा धंदा. शिजवलेलं रेशीम फार मऊ होतं. सुईतून दहा वेळा गेलं की त्याला लव सुटायची, तंतू सुटे व्हायचे, आणि एका जाळीत चार-पाच ठिकाणी धागा तुटायचा. चौथ्या जाळीपासून त्यांनी तेच केलं जे चाळीस वर्षं करत आल्या होत्या. सुईत ओवण्याआधी धागा मेणाच्या खड्यावरून एकदा ओढला. खडा त्यांच्या पिशवीत कायम असे. मेणाने धागा सरळ झाला, तुटणं थांबलं, घरं आखल्यासारखी आली. सुरुचीने जाळी भिंगाखाली धरली आणि म्हणाली, "मावशी, कमाल!"

त्यानंतर पेशी धरेनाशा झाल्या.

एखाद-दुसऱ्या जाळीवर नव्हे, एकाही जाळीवर नाही. सोडलेल्या पेशी गोळ्यांसारख्या तरंगत राहायच्या आणि तिसऱ्या दिवशी मेलेल्या असायच्या. सुरुचीने पाणी बदललं. पेशींचं खाणं बदललं. शामरावांना दोनाऐवजी तीनदा रेशीम शिजवायला लावलं. उबवणीच्या कपाटाचं तापमान दर तासाला लिहून ठेवायला लावलं. सुभद्राबाईंनाही विचारलं, "मावशी, धाग्याला तुम्ही काही लावत नाही ना?" आणि सुभद्राबाई म्हणाल्या, "नाही ओ ताई." त्या खोटं बोलल्या नव्हत्या. मेण ओढणं हे त्यांच्या लेखी काही लावणं नव्हतंच. कणीक तिंबण्याआधी हात धुतात, तसं ते.

असे सहा आठवडे गेले. एका शुक्रवारी सुरुची पुष्करवर सगळ्यांसमोर कडाडली. "तुझा हात स्वच्छ नाही, एवढंच आता उरलंय. तुला किती वेळा सांगायचं?" मोजे काढून त्याने डब्यात टाकले आणि बेसिनशी पाठ करून उभा राहिला. सुभद्राबाई कोपऱ्यात आपली नवी जाळी धुवायला घेत होत्या. खरं तर ते पुष्करचं काम, पण त्याला आता कशाला सांगा, म्हणून त्याच्याच पिचकारीने थेंब सोडत बसल्या.

थेंब जाळीवर पडला आणि तिथेच उभा राहिला. मोत्यासारखा. अळूच्या पानावर राहावा तसा.

त्यांनी दुसरा थेंब टाकला. तोही घरंगळून कडेला गेला. शेजारच्या बशीत पहिल्या तीनांपैकी एक जुनी जाळी होती. तिच्यावर थेंब सोडला तर तो कधी आत शिरला ते कळलंही नाही. पाणी जिथे शिरत नाही तिथे पेशी काय धरणार? पाण्यातूनच तर येतात त्या. हे समजायला शिक्षण लागत नव्हतं.

त्या दिवशी त्या बोलल्या नाहीत. पिशवी उचलली आणि निघाल्या. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिरच्या कुटण्याचा खकाणा उठला होता. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिथे सगळ्यांच्याच येत होतं, म्हणून बरं.

दौलत दारातच स्टूल टाकून बसला होता. "काय झाला गो?"

त्यांनी सांगितलं. सगळं. पुष्कर बेसिनशी कसा उभा होता तेही.

"मगे? सांगून टाक."

"काढून टाकतील मला."

"टाकूंदेत. हिंदमाताक खिडकी आसाच. पण त्या झिलाक कशाक मारतंस? खातले काय तुका?"

मंगळवारपर्यंत थांबायचं नाही असं ठरवून सुभद्राबाई सोमवारी सकाळीच परळला गेल्या. सुरुची संगणकासमोर होती. सुभद्राबाईंनी मेणाचा खडा तिच्या टेबलावर ठेवला.

"ह्याच्यामुळे होतंय. मी धाग्यावरून ओढते. चौथ्या जाळीपासून. पुष्करचा काही दोष नाही."

सुरुचीने खडा उचलला. नखाने टोकरला.

"मी विचारलं होतं तुम्हाला, मावशी."

"विचारलं होतंत."

"सहा आठवडे." तिचा आवाज चढला नाही, पण कोरडा झाला. "या पेशी कोणीतरी दिलेल्या असतात. त्या दुकानात मिळत नाहीत. आणि मी त्या मुलाला काय काय बोलले." ती उठली. "आज तुम्ही जा घरी. मला जरा विचार करू दे."

सुभद्राबाई घरी आल्या. मंगळवारी गेल्या नाहीत. हिंदमातालाही गेल्या नाहीत. बुधवारी त्यांनी धुतलेल्या चादरी पुन्हा धुतल्या. मग एक कोरी चादर भिजवली तेव्हा तिच्यातून खळ निघून बादलीतलं पाणी दुधाळ झालं, आणि त्या ओणव्या होत्या तशाच थांबल्या.

त्यांचे वडील गिरणीत सायझिंग खात्यात होते. विणायच्या आधी उभ्या सुताला खळ पाजायचं ते खातं. घरी यायचे तेव्हा अंगाला शिजलेल्या कांजीचा वास यायचा. लहानपणी सुभद्राने विचारलं होतं, सुताला कशाला जेवायला घालता? वडील म्हणाले होते, विणायच्या साच्यावर मार खायचा असतो त्याला, उपाशीपोटी कसा खाईल. विणून झालं की खळ धुऊन टाकायची. खळ कापडासाठी नसते, विणण्यापुरती असते.

मग रेशमाची खळ, तो चीक, किड्यानेच घातलेली होती की! आपण ती आधी धुऊन टाकत होतो आणि नंतर तिच्या जागी मेण लावत होतो.

गुरुवारी फोन वाजला. सुरुचीच होती. आवाज नेहमीचा नव्हता, पण सोमवारचाही नव्हता. "मावशी, मी पुष्करची माफी मागितली. तुम्ही उद्या येताय ना?"

"येते. पण ताई, मला कच्चा धागा द्या. न शिजवलेला."

"कच्चा?"

"चिकासकट विणते. मग जाळीच शिजवू."

मग सुरुची म्हणाली, "हे मी वाचलंय, मावशी. काही लोक तसं करतात. मीच आळस केला. शिजवलेलं रेशीम हाताशी होतं, म्हणून तेच वापरत राहिले."

कच्चा धागा राठ होता, तारेसारखा. मोज्यांतूनही कळायचा. सुई सरसर जाऊ लागली. एका दुपारी एक अख्खी जाळी झाली आणि एकदाही धागा तुटला नाही. पण शिजवायची वेळ आली तेव्हा शामराव अडून बसले. "माझ्या एवढ्या मोठ्या पातेल्यात ही नखाएवढी चिंधी हरवली तर मला बोलायचं नाही." शेवटी पुष्करने चहाची नवी स्टीलची गाळणी आणली. दोन गाळण्या तोंडाला तोंड लावून बांधल्या आणि आत जाळी. पहिली बाहेर आली ती सुरकुतून, मनुकेसारखी. दुसरी एका बाजूला ओढली गेली. तिसऱ्या वेळी सुभद्राबाई म्हणाल्या, "चौकटीवरून काढूच नका. चौकटीसकट शिजवा. आणि मी घरं थोडी मोठी ठेवते, आकसून बरोबर बसतील." किती मोठी, हे पुष्करने गणित करून सांगितलं आणि सुभद्राबाईंनी डोळ्याने. दोघांच्यात केसाचा फरक होता. त्यांनी पुष्करचं ऐकलं.

शिजून आलेल्या जाळीवर सुभद्राबाईंनी स्वतः थेंब सोडला. थेंब आत गेला.

पाचव्या दिवशी पुष्करने त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. "एक डोळा मिटू नका मावशी, दोन्ही उघडे ठेवा." आधी त्यांना आपल्याच पापण्या दिसल्या. मग हळूहळू काळे, जाड सोट दिसायला लागले. हे आपले धागे, हे त्यांना सांगावं लागलं नाही. एका ठिकाणी त्यांनी गाठ बदलली होती तीही ओळखू आली. आणि त्या सोटांना बिलगून, लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, बासमतीच्या दाण्यांसारख्या कितीतरी आकृत्या. सगळ्या धाग्याच्या दिशेने ओळीत. काही दोन धाग्यांच्या मधल्या घरावर पूल बांधून पलीकडे हात लावत होत्या.

"ह्या जिवंत आहेत?"

"जिवंत. काल होत्या त्याच्या दुप्पट आहेत आज."

त्या किती वेळ बघत होत्या ते पुष्करने मोजलं नाही. मागे सुरुची येऊन उभी राहिली होती. नजर न काढता सुभद्राबाईंनी विचारलं, "ह्यांची दोरी झाली की मग रेशमाचं काय होतं?"

"हळूहळू विरतं, मावशी. महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षं. पेशी आपलं स्वतःचं सूत बनवतात, ते ताण घ्यायला लागलं की रेशमाची गरज राहत नाही. शेवटी काही उरत नाही त्याचं. उरू नये असंच आम्हाला हवंय."

सुभद्राबाईंच्या रफूचं कौतुक तरी एवढंच असायचं की ते दिसत नाही. पण असायचं ते तिथेच. पदर उलटा करून त्यांना एकटीला तरी ते सापडायचं. हे त्याच्याही पुढचं होतं. आधी नीट धरून राहायचं, आणि मग इतकं सावकाश निघून जायचं की ज्याला धरलं त्याचा तोल जाऊ नये. वाईट वाटायला हवं होतं असं त्यांना वाटलं, पण वाटलं नाही. इनायतचाचांनी असं काम बघायला हवं होतं, एवढंच मनात आलं.

त्या दिवशी घरी त्यांनी दौलतला सगळं सांगितलं. त्याने आपलं सरळ बोट समोर धरलं. "म्हणजे ह्याचा कधी?"

हे सुभद्राबाईंनी सुरुचीला आधीच विचारून ठेवलं होतं. अजून जनावरांवर बघायचंय, मग परवानग्या, मग थोड्या माणसांवर. दहा वर्षं तरी. आणि इतक्या जुन्या जखमेत, जिथे सांधाच आखडून गेलाय, तिथे बहुधा नाहीच. हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला.

दौलत हसला. "होऊंदे. माका ह्या बोटाची सवय झाली. रस्तो दाखवूक बरा पडता." मग त्याने त्यांचा उजवा हात घेतला, सुईने चरे पडलेली बोटं एकेक करून वाकवून बघितली आणि सोडून दिला. असं तो करणाऱ्यातला नव्हता.

वर्षाने नाही, अडीच वर्षांनी मशीन आलं. त्याच्याबरोबर कोइमतूरहून एक इंजिनियर आला. चौकट कशी ताणायची, शिजून किती आकसतं, कुठल्या वळणावर धागा दगा देतो, हे सगळं त्याने सुभद्राबाईंना विचारून मशीनमध्ये भरलं. तो हिंदीत विचारायचा, त्या आपल्या हिंदीत सांगायच्या, शामराव मध्ये बसून दोघांनाही सुधारायचे. पहिल्या दिवशी मशीनने वीस जाळ्या काढल्या. सुभद्राबाईंना त्यांच्या हाताने वीस करायला अडीच महिने लागले असते. हे त्यांनीच बोलून दाखवलं, कोणाला अवघड वाटायला नको म्हणून.

मग सुरुचीने त्या वीस त्यांच्यापुढे ठेवल्या. "मावशी, बघून द्या."

त्यांनी खिडकीशी स्टूल ओढलं. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीनच महिने झाले होते आणि जग फार पांढरं दिसत होतं. एकेक जाळी त्या उजेडात धरत, तिरपी करत, बाजूला ठेवत गेल्या. शेवटी डावीकडे नऊ होत्या आणि उजवीकडे अकरा.

"ह्या अकरा नाही चालणार."

इंजिनियरला ते पटलं नाही. मशीनने सगळ्या एकाच मापाच्या काढल्या होत्या, त्याच्याकडे आकडे होते. पुष्कर आता डॉक्टर पुष्कर झाला होता. त्याने त्या अकरा एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. अकरांपैकी नऊ जाळ्यांमध्ये कुठे ना कुठे ताण सुटलेला निघाला, घरं तिरकी झालेली. दोन मात्र अगदी व्यवस्थित होत्या. त्यांत खोट अशी काहीच नव्हती.

पुष्करने वर बघितलं.

"दोन माझ्या चुकल्या," सुभद्राबाई म्हणाल्या. "लिहून ठेव तसं." आणि त्या दोन जाळ्या चिमट्याने उचलून त्यांनी डावीकडच्या नऊ जाळ्यांत नेऊन ठेवल्या.